प्राध्यापक टॉल्किन आणि त्यांचे कल्पित वंश

आमच्या बेटावरील पुष्कळ घरांत आज मुले व नातवंडे संगणकावर अद्भुत दुनियेचे खेळ खेळताना दिसतात. खेळ सुरू करण्यापूर्वी खेळाडूला आपला वंश निवडावा लागतो. कोणी एल्फ होतो, म्हणजे देखणा, दीर्घायुषी वनवासी. कोणी ड्वार्फ होतो, म्हणजे ठेंगणा, दाढीवाला, खाणीत राबणारा कारागीर. कोणी ऑर्क होतो, म्हणजे कुरूप आणि क्रूर लढवय्या. मूळ कथेत हे वंश कसे होते, कोणता वंश खेळात घ्यावा व कोणता घेऊ नये, यावर देशोदेशींचे खेळाडू तावातावाने भांडतात. वडीलधाऱ्यांना या भांडणाचे हसू येते. परंतु त्याच्या मुळाशी एका थोर विद्वानाचे आयुष्य आहे. त्यांची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लुमफाँटेन या गावी झाला. वडील तेथे बँकेत नोकरीस होते. १८९५ साली आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला गेली, आणि पुढच्याच वर्षी वडील आफ्रिकेत वारले. आईने कॅथॉलिक पंथ स्वीकारल्यामुळे नातेवाईकांनी मदतीचा हात आखडता घेतला. तिने गरिबीत मुलांना वाढविले, लॅटिन शिकविले, आणि १९०४ साली तीही गेली. बारा वर्षांच्या या पोरक्या मुलाचा सांभाळ एका धर्मगुरूंनी केला.

लहानपणापासून टॉल्किन यांना भाषांचे वेड होते. जुनी इंग्रजी, वेल्श, फिनिश अशा भाषा त्यांनी अभ्यासल्या, आणि त्यांच्या नादावर स्वतःच्या नव्या भाषा रचल्या. पण बोलणारी माणसे नसतील तर भाषेत जीव येत नाही, हे आमच्या मराठी घरांना सांगायला नको. म्हणून त्या भाषा बोलणारे एल्फ त्यांनी कल्पिले आणि एल्फांना इतिहास दिला. एल्फ, ड्वार्फ ही नावे उत्तर युरोपच्या प्राचीन कथांतील. त्यांना आज ओळखीचे असलेले रूप मात्र मुख्यतः टॉल्किन यांनी दिले.

१९१६ साली त्यांचा एडिथ यांच्याशी विवाह झाला आणि काही आठवड्यांतच ते फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर गेले. त्या वर्षी त्यांचे दोन जिवलग शाळूसोबती युद्धात मरण पावले. स्वतः टॉल्किन खंदकांतील तापाने आजारी पडून परतले. पुढे त्यांनी ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचे काम केले, लीड्स येथे अध्यापन केले, आणि १९२५ ते १९५९ पर्यंत ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापकपद भूषविले.

एकदा परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक कोरे पान सापडले. त्यावर त्यांनी हॉबिट नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याविषयी सहज एक वाक्य लिहिले. त्यातून ‘द हॉबिट’ हे पुस्तक १९३७ साली निघाले. त्यानंतरचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा मोठा ग्रंथ १९५४-५५ साली तीन भागांत प्रसिद्ध झाला.

वाचकहो, १९३८ सालची एक गोष्ट विशेष आहे. पॉट्सडॅमच्या एका प्रकाशनसंस्थेला ‘द हॉबिट’ जर्मन भाषेत काढायचे होते. नाझी राजवटीच्या नियमांप्रमाणे त्यांनी टॉल्किन यांना विचारले, आपण आर्य वंशाचे आहात काय? टॉल्किन संतापले. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे लिहिले. त्यांपैकी उपलब्ध असलेल्या मसुद्यात त्यांनी भाषापंडिताच्या थाटात सुनावले की, आर्य म्हणजे हिंदी-इराणी, आणि आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्तानी किंवा फारसी बोलत असल्याचे ऐकिवात नाही. ज्यू लोकांच्या गुणवान समाजात आपला एकही पूर्वज नाही याचा खेदही त्यांनी नोंदविला. रक्तावरून माणूस तोलणे त्यांना मान्य नव्हते.

पण त्यांच्याच कथेत एक अवघड गाठ पडली. ऑर्क ही सारीच्या सारी जमात दुष्ट होती. त्यांना कोणी घडविले? सुरुवातीच्या लेखनात सैतानाने त्यांना मातीदगडापासून बनविले होते. मग धार्मिक वृत्तीच्या टॉल्किन यांना वाटले की सैतान जीव निर्माण करू शकत नाही, तो फक्त बिघडवू शकतो. म्हणून ऑर्क हे छळून बिघडविलेले एल्फ असावेत. पुढे तेही पटेना, ते बिघडलेली माणसे असावीत असे त्यांनी लिहून पाहिले. मुळात जर ते आत्मा असलेले जीव असतील, तर त्यांचा उद्धार का होऊ नये? या प्रश्नाने त्यांना म्हातारपणापर्यंत छळले, आणि अखेरचे उत्तर त्यांनी दिले नाही. ऑर्कांच्या रूपवर्णनात त्या काळच्या युरोपीय माणसाचे पूर्वग्रह उतरले आहेत, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली आहे आणि ती निराधार नाही. मात्र त्याच ग्रंथात सॅम नावाचा साधा हॉबिट शत्रुपक्षाच्या एका मेलेल्या परदेशी सैनिकाकडे पाहतो, आणि हा मनाने खरोखर वाईट होता की कोणी फसवून घरापासून इतक्या दूर आणला, असा विचार त्याच्या मनात येतो. सोम पाहिलेल्या माणसालाच हे सुचावे.

पत्नीच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १९७३ रोजी, टॉल्किन बोर्नमथ येथे वारले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट होता येत असे. पुढे कायदेशीर हरकतीमुळे हॉबिटचे नाव हाफलिंग झाले. १९९४ च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये खेळाडू ऑर्कांचा सेनापती होऊ शकला, आणि २००४ साली त्याच्याच ऑनलाइन खेळात स्वतः ऑर्क होऊ लागला. तेथील ऑर्कांना घर, पूर्वज आणि पश्चात्तापही आहे.

टॉल्किन यांच्याच कथेवरचा ऑनलाइन खेळ २००७ साली सुरू झाला. त्यात प्रथम ड्वार्फ स्त्री निवडता येत नसे, कारण ड्वार्फ स्त्रिया इतरांना पुरुषांहून वेगळ्या ओळखू येत नाहीत असे टॉल्किन यांनी लिहिले होते. बाल्रोग या अग्निराक्षसाला पंख आहेत की नाहीत, यावर तर वाचकांच्या पिढ्या भांडत आल्या. ग्रंथात आधी त्याची सावली पंखांसारखी म्हटली आहे, आणि थोड्याच ओळींनंतर सरळ पंख म्हटले आहेत! मूळ कथेचा दाखला देऊन दुसऱ्याला गप्प करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ती कथा कर्त्यानेच जन्मभर खोडून पुन्हा लिहिली. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ साली ‘द सिल्मरिलियन’ काढले आणि १९८३ ते १९९६ या काळात वडिलांच्या हस्तलिखितांचे बारा खंड प्रसिद्ध केले. त्यांतून या खाडाखोडी जगाला दिसल्या.

२०२४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नव्या नियमपुस्तकात वंश हा शब्द काढून प्रजाती हा शब्द घातला गेला, आणि ऑर्क इतरांच्या बरोबरीने निवडता येऊ लागला. काहींना ते रुचले, काहींना नाही. आम्हांला तो वाद पोरखेळ वाटत नाही. आमच्या पूर्वजांनी कोकणातून येऊन या बेटावर पाय ठेवला, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे जातही लिहिली गेली. त्यांचे पुढचे आयुष्य त्या रकान्यात मावले नाही. म्हणून नातवाने खेळात ऑर्क निवडला तर त्याला रागावू नये. त्याचा ऑर्क कसा वागतो, एवढे मात्र जवळ बसून जरूर विचारावे.