थुंब्याचा किनारा आणि डॉ. विक्रम साराभाई

अग्निबाण एकच असतो. त्याच्या टोकावर बॉम्ब ठेवायचा की हवामान मोजणारे यंत्र, हे माणूस ठरवतो. मुलांना अंतराळाचा धडा शिकवताना म्हणूनच आम्हांला डॉ. विक्रम साराभाई आठवतात.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका गिरणीमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. पुढे केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावी त्यांनी अग्निबाण-केंद्र उभारले. गावकऱ्यांनी त्यासाठी आपले चर्च दिले. तेथेच कचेरी थाटली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला. ते दिवस शीतयुद्धाचे. तरी अमेरिका, फ्रान्स आणि रशिया या तिघांनीही त्या किनाऱ्यावर मदत पाठवली. फेब्रुवारी १९६८ मध्ये हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण झाले.

३० डिसेंबर १९७१ रोजी, अवघ्या ५२व्या वर्षी, साराभाई केरळातच निवर्तले. उपग्रहाने खेड्यांत शिक्षण न्यावे हे त्यांचे स्वप्न १९७५ साली साकारू लागले.

१९६७च्या करारानुसार अंतराळात अण्वस्त्रे ठेवता येत नाहीत. पारंपरिक शस्त्रे कक्षेत ठेवण्यास मात्र अजून तशी बंदी नाही. थुंब्याचा धडा अपुराच आहे. तो आपल्या मुलांनी पुरा करावा, असे आम्हांला वाटते.