आजार संपत का नाही? हाल्डेन यांचा हिशेब

हिमोफिलियाच्या रुग्णाला जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही. परिणामकारक उपचार नव्हते त्या काळात अशी बरीच मुले बाप होण्याच्या वयापर्यंत पोहोचतच नसत. मग त्यांच्याबरोबर सदोष जनुकही संपायला हवे आणि काही पिढ्यांत आजार नाहीसा व्हायला हवा. तसे का होत नाही, हा प्रश्न जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये गणिताने सोडवला.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील श्वसनाचे नामांकित संशोधक. खाणीतल्या वायूंचे प्रयोग ते स्वतःवर करत, प्रसंगी लहानग्या मुलावरही! मुलगा पुढे गणित आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मय शिकला. विज्ञानाची पदवी त्याने कधी घेतली नाही. पहिल्या महायुद्धात लढून, जखमी होऊन परतल्यावर तो आनुवंशिकीकडे वळला आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला.

हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीकडे अशी दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाकडे एकच. म्हणजे समाजातल्या एकूण एक्स गुणसूत्रांपैकी एक-तृतीयांश पुरुषांकडे असतात. रुग्ण पुरुषांना मुले झाली नाहीत, तर दर पिढीत सदोष जनुकांपैकी तेवढा वाटा गळून पडतो. तरीही रुग्णांचे प्रमाण टिकून असेल, तर नव्या उत्परिवर्तनांनी तितकीच भर पडत असली पाहिजे. हाल्डेन यांच्या अंदाजाने दर पिढीत सुमारे ५० हजार एक्स गुणसूत्रांमागे एकात हा बदल नव्याने होतो. घराण्यात पूर्वी कोणालाच नसलेला आजार एखाद्या बाळात अचानक का दिसतो, हे त्यातून उलगडले. दोन वर्षांनी ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी हिमोफिलिया आणि रंगांधळेपणाची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे दाखवले. अशी नवी उत्परिवर्तने स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त होत असावीत, असे १९४७ मध्ये त्यांच्या लक्षात आले. आजारी मुलासाठी फक्त आईच्या माहेराला बोल लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

थॅलेसेमियाने मात्र हे उत्तर अपुरे ठरवले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मुलाला गंभीर रक्तक्षय होतो. एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक राहते. भूमध्य समुद्राच्या परिसरातील लोकांत वाहक फार होते. अमेरिकी संशोधकांनी हाल्डेन यांचीच रीत वापरून उत्परिवर्तनाचा प्रचंड वेग काढला. १९४८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत हाल्डेन यांनी त्यावर शंका घेतली. आपल्याच सूत्राला मर्यादा घालण्याचा हा मोकळेपणा शास्त्रज्ञांतही दुर्मीळच. वाहकांना काहीतरी फायदा होत असावा, त्यांच्या लहान आकाराच्या तांबड्या पेशी मलेरियाच्या परजीवीला अधिक तोंड देत असाव्यात, असा तर्क त्यांनी मांडला.

तो तर्कच होता. पुरावा इतरांनी दिला. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्ये दाखवले, की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते. पुढे इटलीच्या सार्डिनिया बेटावर मलेरियाच्या सखल गावांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त, तर उंचावरच्या गावांत कमी आढळले. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक इतके का, याचेही उत्तर या हिशेबात सापडते. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच लग्नाआधी रक्ततपासणी करायची.

हाल्डेन राजकारणात कम्युनिस्ट होते. सोव्हिएत संघात आनुवंशिकीची गळचेपी करणाऱ्या लायसेन्कोविरुद्ध ते बराच काळ स्पष्ट बोलले नाहीत, हा त्यांच्यावरचा डाग. सुएझ प्रकरणी ब्रिटनचा निषेध करत १९५७ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. नंतर भुवनेश्वरला त्यांनी प्रयोगशाळा थाटली. तिथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.