नाईक यशवंत घाडगे आणि आमचे पणजोबा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. एक आमच्या पणजोबांची. डोक्याला फेटा, पिळदार मिशा आणि छातीवर दोन पदके. दुसरी तसबीर म्हणजे वर्तमानपत्रातून कापून काचेत बसविलेले एक चित्र आहे. ते व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे. लहानपणी मला हे दोघे सख्खे भाऊच वाटत. भाऊ नव्हेत, पण एका पलटणीतले सोबती होते, इटलीत खांद्याला खांदा लावून जर्मनांशी लढले, असे आजोबा सांगत. पाहुणा कोणीही येवो, चहाचा कप हाती पडण्याआधी त्याला ही हकीकत ऐकावी लागे. सोयरीक जुळवायला आलेली माणसेसुद्धा यातून सुटली नाहीत.

यंदाच्या वार्षिक अंकासाठी लिहायचे ठरविले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. भिंतीवरच होता. मात्र आजोबांच्या तोंडची हकीकत जशीच्या तशी न उतरवता थोडे वाचून लिहावे, असे मनात आले आणि तेथूनच माझी पंचाईत सुरू झाली. ती पुढे सांगते. आधी घाडगे यांच्याविषयी.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. हे नाव 1981 पर्यंत चालले. या भागातली शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. डोंगराच्या उतारावर हातरुमालाएवढी खाचरे, पाऊस संपला की भाताचे पीकही संपले, वरकस जमिनीत थोडी नाचणी. चार भावांत वाटणी झाली की एकाच्याही वाट्याला पोटापुरते येत नसे. मग एक भाऊ मुंबईच्या गिरणीत जाई, एक पलटणीत जाई, आणि घर मनिऑर्डरीवर चाले. माणगाव, महाड, खेड, चिपळूण या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे फौजेत गेली, ती काही केवळ रक्तात लढाई आहे म्हणून नव्हे. भुकेचाही त्यात मोठा हात होता. आजोबांना हे वाक्य आवडणार नाही, पण मला ते खरे वाटते.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाले. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण 1768 साली मुंबईत उभी राहिली आणि रेजिमेंटचे केंद्र 1922 पासून बेळगावला आहे. घाडगे होते तिसऱ्या बटालियनमध्ये. या बटालियनने 1941 साली आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या उंच कड्यांवर इटालियन फौजेशी झुंज दिली होती. पुढे ती दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन इटलीत लढल्या. पन्नास हजारांवर हिंदी सैनिक त्या देशात होते आणि त्यांतले 5,782 तेथेच पडले. आपल्या शाळेच्या पुस्तकात याला किती ओळी मिळाल्या, ते आठवून पाहावे.

4 जून 1944 रोजी रोम दोस्तांच्या हाती आले, परंतु जर्मन सैन्य मोडले नव्हते. ते उत्तरेकडे एकेक पाऊल मागे सरकत होते आणि सोडलेल्या प्रत्येक टेकडीची किंमत वसूल करीत होते. रोममधून वाहणारी टायबर नदी जेथे डोंगरांतून उतरते, त्या वरच्या खोऱ्यात दहावी डिव्हिजन पुढे सरकत होती. मी त्या भागाची छायाचित्रे पाहिली. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचे जुने गाव, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते, त्यांत भाताऐवजी द्राक्षवेली आणि ऑलिव्हची झाडे. अशा उतारावर चार माणसे आणि एक मशिनगन नीट दडवून बसविली तर खालून चढणाऱ्या अख्ख्या कंपनीला रोखता येते. जर्मनांनी जागोजाग तेच केले होते.

10 जुलै 1944. मोंतोने गावाच्या परिसरात घाडगे यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढविला. कंपनीतल्या एका सेक्शनचे, म्हणजे मोजक्या आठदहा माणसांच्या तुकडीचे, ते नाईक होते. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जवान एकतर ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला तो एकटा नाईक.

येथे मी वाचता वाचता थांबले होते. त्या क्षणी मागे फिरले असते, एखाद्या बांधाआड झोपून राहिले असते, तरी कोणी बोल लावला नसता. सेक्शनच उरले नव्हते, तर हुकूम कोणाला द्यायचा? आपल्याबरोबर यायला कोणीही उरलेले नाही, हे पुरते ठाऊक असताना ते मशिनगनच्या रोखाने धावत सुटले. प्रथम हातबाँब टाकला. त्याने मशिनगन आणि ती चालविणारा असे दोन्ही निकामी झाले. दुसऱ्या एकाला त्यांनी आपल्या टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती आणि दोन जर्मन अजून समोर होते. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना लोळविले. आता ठाणे हाती आले होते. पण आसपास दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत घुसल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. आपल्या महाविद्यालयात एम. ए. करणारे विद्यार्थी साधारण याच वयाचे असतात.

2 नोव्हेंबर 1944 रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातले शौर्याचे हे सर्वोच्च पदक 1856 साली सुरू झाले, पण हिंदी सैनिकांना ते मिळू शकेल असे ठरायला 1911 साल उजाडावे लागले. इटलीच्या मोहिमेत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले आणि त्यांतले सहा हिंदी फौजेतल्या सैनिकांना मिळाले. घाडगे यांच्याच रेजिमेंटला आणखी एक मिळाला, तो पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांना. एप्रिल 1945 मधल्या सेनिओ नदीवरील लढाईतल्या पराक्रमासाठी. जाधव परत आले. घाडगे आले नाहीत. 1945 साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते पदक घाडगे यांच्या पत्नीच्या हाती दिले. माणगावच्या डोंगरातली एक तरुण विधवा, दिल्ली, लष्करी बँड आणि हातात काशाचा तो लहानसा क्रॉस. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लढाईपेक्षाही हलत नाही.

हा विषय आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितला तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला. ही लढाई कोणाची होती? माणगावला लागून असलेल्या महाडला 10 सप्टेंबर 1942 रोजी कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तरुण मुले हुतात्मा झाली. दोन वर्षांनी शेजारच्या तालुक्यातला तरुण त्याच सरकारच्या फौजेत, परक्या देशात, तिसऱ्याच देशाच्या माणसांशी लढताना पडला. आणि ज्या दिल्लीत त्याच्या पत्नीचा सन्मान झाला, त्याच दिल्लीत त्याच वर्षी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. सरांना उत्तर देता आले नाही. घरी आजोबांना विचारले. ते रागावतील असे वाटले होते, पण ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग एवढेच म्हणाले की मोर्च्यात जाणारे आणि पलटणीत जाणारे एकाच वाडीतले असत, शिमग्याच्या आत दोघांच्याही कणगीचा तळ दिसत असे. माझे समाधान झाले, असे म्हणवत नाही. पण नंतर प्रश्न इतका सोपाही वाटला नाही.

आता माझी पंचाईत. वाचता वाचता कळले की इटलीच्या मोहिमेत भाग घेतलेल्यांना इटली स्टार नावाचे पदक मिळे आणि ते सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचे असे. मी उठून तसबिरीपाशी गेले. पणजोबांच्या छातीवरची दोन्ही पदके गोल. आईकडून किल्ली घेऊन माळ्यावरची ट्रंक उघडली. फडक्यात बांधलेल्या त्या पदकांपैकी एकाच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा होता. हे पदक युद्धकाळात देशातच राहून नोकरी केलेल्यांना देत. खाली घडी पडून चिरलेले डिस्चार्जचे कागद होते. पणजोबांची सगळी नोकरी बेळगावच्या केंद्रात, सामानाच्या कोठारात झाली होती. इटली सोडाच, त्यांनी बोटीवर पाऊलही ठेवले नव्हते.

दोन दिवस मी कोणाला सांगितले नाही. माणगावला तहसील कचेरीजवळ घाडगे यांचा पुतळा आहे आणि दरवर्षी तेथे त्यांच्या नावाने उत्सव भरतो. आजोबा पांढरी टोपी घालून न चुकता जातात, पुतळ्यासमोर ताठ उभे राहून सलाम करतात आणि आमची इटलीची हकीकत तेथेही सांगतात. ऐंशीच्या घरात पोचलेल्या माणसाला नकाशाचे पदक कसे दाखवायचे? पण लेख खोटा लिहायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. त्यांना ठाऊक होते. पणजोबांनी स्वतः इटलीचे नाव कधीच काढले नव्हते. ते लढाईविषयी बोलतच नसत, आणि त्यांच्या न बोलण्यातून पणजीने, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ही हकीकत रचली. आजोबांनी ती उचलली आणि पुढे ती खाली ठेवता आली नाही. मी त्यांना घाडगे यांची उरलेली हकीकत सांगितली. त्यांची कबर कोठेही नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी नाहीत अशा चार हजारांवर सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. आणि जुलै 2023 मध्ये मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या गावाने, एकोणऐंशी वर्षांनी. आजोबांनी सूर्यघड्याळ म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतले.

मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले की कोठारात काय काय असायचे. कागदावर होते तेवढे मी वाचून दाखविले. कपडे, कांबळी, बूट. बेळगावला भरती होऊन पुढे गेलेल्या जवानांना बूट त्याच कोठारातून मिळत असतील ना, असे त्यांनी विचारले. मिळत असतील, असे मी म्हटले.

यंदाच्या उत्सवाला मी आजोबांबरोबर गेले होते. पुतळ्याला सलाम करून झाल्यावर शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना ते बुटांविषयी सांगू लागले. या अंकाच्या दोन प्रती त्यांनी आधीच मागून ठेवल्या आहेत.