पोटासाठी मदरशात गेलेला मुलगा

इमाम गझाली यांचे नाव आज जगभरच्या विद्यापीठांत आदराने घेतले जाते. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, नीती आणि सूफी साधना या विषयांवरचे त्यांचे ग्रंथ नऊशे वर्षांनंतरही वाचले जातात. पण हेच इमामसाहेब लहानपणी मदरशात दाखल झाले ते विद्येच्या ओढीने नव्हे, तर दोन वेळच्या जेवणासाठी.

त्यांचे नाव अबू हामिद मुहम्मद. आजच्या इराणमधील मशहद शहराजवळच्या तूस येथे १०५८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लोकर कातून विकत आणि त्यावर घर चालवत. आपल्याला शिकता आले नाही, ही खंत त्यांना आयुष्यभर होती. अखेरच्या आजारात त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हाती सोपवले. जवळची पुंजी त्याला दिली आणि ती सगळी खर्च झाली तरी चालेल, पण मुलांना शिकव, अशी विनंती केली. मित्राने शब्द पाळला. मात्र पुंजी थोडी होती, ती लवकरच संपली. मित्र स्वतः फकीर. त्याने मुलांना मदरशात नाव घालायला सांगितले. विद्यार्थी झालात, तर निदान उपाशी राहणार नाही, हा त्याचा सरळ हिशेब होता.

त्या काळचे मोठे मदरसे म्हणजे आजच्या भाषेत वसतिगृहासह चालणारी महाविद्यालयेच. सल्जूक सुलतानांचे वजीर निझामुल मुल्क यांनी बगदाद, निशापूर अशा शहरांत ‘निझामिया’ नावाचे मदरसे उभारले. बगदादचा निझामिया १०६७ मध्ये सुरू झाला. जमिनी आणि दुकाने वक्फ करायची, म्हणजे त्यांचे उत्पन्न कायमचे एका सत्कार्याला लावून द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. त्यातून शिक्षकांचा पगार, विद्यार्थ्यांचे राहणे आणि त्यांची शिष्यवृत्ती भागत असे. त्यामुळे गरिबाघरचा मुलगाही घरापासून शेकडो कोस दूर राहून वर्षानुवर्षे शिकू शकत होता.

तरुण गझाली शिकण्यासाठी जुर्जानला गेले. परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींनी बाकी सारे सोडले आणि फक्त टिपणांच्या वह्या परत मागितल्या. आपली सारी विद्या त्यात आहे, असे त्यांनी विनवले. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. वह्या गेल्या की जी विद्या जाते, ती विद्या कसली, असे त्याने सुनावले आणि वह्या परत दिल्या. हा टोला गझालींना लागला. तूसला येऊन त्यांनी तीन वर्षे खर्ची घातली आणि सगळी टिपणे मुखोद्गत केली.

पुढे निशापूरच्या निझामियात इमाम जुवैनी यांच्यासारखा गुरू लाभला. १०८५ मध्ये गुरू गेल्यावर निझामुल मुल्क यांनी या शिष्याला आपल्याकडे सन्मानाने ठेवून घेतले. १०९१ मध्ये बगदादच्या निझामियाचे मुख्य अध्यापकपद गझालींना मिळाले, तेव्हा ते जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. त्यांच्या व्याख्यानांना तीनशे विद्यार्थी बसत. पुढच्याच वर्षी, हिजरी ४८५ च्या रमजान महिन्यात, निझामुल मुल्क यांची हत्या झाली. राज्यात उलथापालथ झाली, पण गझालींची कीर्ती वाढतच राहिली.

या कीर्तीनेच त्यांना अस्वस्थ केले. आपण शिकवतो ते सत्यासाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना सोडेना. १०९५ मध्ये एक दिवस वर्गात त्यांची वाचाच बंद झाली. घास गिळवेना. हकिमांनी हात टेकले. रोग मनाचा आहे, असे त्यांचे निदान होते. अखेर इमामांनी मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली, निझामियातील काम भाऊ अहमद यांच्यावर सोपवले आणि बगदाद सोडले. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मनोऱ्यात ते दार लावून बसत. पुढे जेरुसलेम आणि हज. वाटेत हेब्रॉन येथे हजरत इब्राहिम यांच्या कबरीपाशी त्यांनी प्रतिज्ञा केली की, राजदरबारात जाणार नाही, राजाचा पैसा घेणार नाही आणि वादविवादाच्या फडात उतरणार नाही.

याच भ्रमंतीच्या वर्षांत त्यांचा ‘इह्या उलूमुद्दीन’ हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ आकाराला आला. त्यात रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली अन्नपाणी आणि देहसुख वर्ज्य करण्याची. दुसरी डोळे, कान, जीभ आणि हातपाय यांना वाईटापासून रोखण्याची. तिसरी मनात ईश्वराखेरीज काही न ठेवण्याची. दिवसभर उपाशी राहून इफ्तारला दुप्पट जेवणाऱ्याच्या पदरात काय पडले, असेही ते विचारतात. उपासमार सोसलेल्या माणसाने उपवासावर लिहिलेले हे प्रकरण म्हणूनच कोरडे वाटत नाही.

याच ग्रंथात शिक्षकांची कर्तव्ये आहेत. शिष्याला पोटच्या मुलासारखे वागवावे, त्याची चूक चारचौघांत न उघडता सूचकपणे दाखवावी, त्याच्या कुवतीपलीकडचे त्याच्यावर लादू नये. लहान मुलांना अभ्यासानंतर खेळू द्यावे. सतत डोक्याशी पुस्तक लावले तर मूल कोमेजते आणि अभ्यास चुकवण्याच्या वाटा शोधते, असे ते बजावतात. आजच्या पालकांनीही हे वाचण्यासारखे आहे.

अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, आग्रहाखातर ते काही काळ निशापूरच्या निझामियात शिकवायला परतले. त्यानंतर मात्र तूस गाठले. बगदादहून पुन्हा बोलावणे आले, तेही त्यांनी नम्रपणे नाकारले. घराशेजारीच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफी साधकांसाठी खानकाह उभारली. जेवणापायी ज्याला मदरशाची वाट धरावी लागली होती, त्याच्या दाराशी आता दूरदूरचे विद्यार्थी येत होते. अखेरच्या दिवसांत ते स्वतः पुन्हा विद्यार्थी झाले आणि हदीसच्या अभ्यासाला बसले. १८ डिसेंबर ११११ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तूस येथेच त्यांचे निधन झाले.