मठातल्या वाटाण्यांनी सोडवलं गडचिरोलीच्या सिकलसेलचं कोडं

गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा शब्द नवा नाही. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, रक्त कमी होतं. पण आईबाप दोघंही धडधाकट असताना पोराला हा आजार आला कुठून? असं झालं की बोट बहुतेक वेळा आईकडे दाखवलं जातं.

याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मठाच्या बागेत सापडलं होतं. ते शोधणारा होता ग्रेगर मेंडेल.

१८२२ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. शिकायची हौस मोठी, पण घरात पैसा नाही. शेवटी धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला काही वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. १८४३ मध्ये तो ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाला. पुढे शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला, तेव्हा मठानेच त्याला शिकायला व्हिएन्ना विद्यापीठात पाठवलं.

परत आल्यावर १८५६ ते १८६३ या काळात त्याने वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपं तपासली. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या रोपांचा संकर केला, तर सगळे दाणे गोल निघाले. तेच दाणे पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळपास तीनास एक.

सुरकुत्या गेल्या नव्हत्या, दबून होत्या. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. प्रभावी प्रत सोबत असली की अप्रभावी दिसत नाही. दोन्ही अप्रभावी आल्या, तरच तो गुण वर येतो.

सिकलसेलचं गणितही हेच. एकच सदोष प्रत असलेला माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोष अजिबात नसण्याची २५ टक्के. ही शक्यता दर खेपेला नव्याने लागू होते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही.

मेंडेलने हे १८६५ मध्ये सभेत मांडलं, पुढच्या वर्षी ते छापूनही आलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ मध्ये तो गेला. १९०० साली तीन शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी त्याच नियमांपर्यंत पोचले, तेव्हा कुठे त्याचा निबंध उजेडात आला.

आज सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि ती लग्नाआधी केलेली बरी. फक्त ती एकट्या मुलीची करून भागत नाही. आजारी मुलाच्या दोन प्रतींपैकी एक बापाकडूनच आलेली असते.