शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि संक्रांतीचा वाढता दिवस



संक्रांत आली की वर्गात आपण सगळेच सांगतो, मुलांनो, आजपासून उत्तरायण सुरू, आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होणार. आता घरातलं कॅलेंडर काढा आणि डिसेंबर-जानेवारीतल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बघा. पुण्याच्या आसपास २२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान असतो, साधारण ११ तासांचा. १४ जानेवारीपर्यंत तो सहा-सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. म्हणजे संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच दिवस वाढायला लागलेला आहे. मग आपण सांगतो ते काय?

हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने फार गंभीरपणे घेतला होता. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथाचे कर्ते म्हणून अभ्यासक त्यांना ओळखतात, पण ते आयुष्यभर शाळामास्तर होते हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दीक्षितांचा जन्म १८५३ च्या जुलै महिन्यातला, दापोलीजवळच्या मुरूड गावचा. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले. आज आपण डीएड म्हणतो, त्याचीच ती जुनी आवृत्ती समजा. मॅट्रिक झाले, पण विद्यापीठाची पदवी काही त्यांनी घेतली नाही. मग नोकरी सुरू झाली आणि बदल्याही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज. मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी त्यांनी सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. त्यातलं 'ज्योतिर्विलास' हे आकाशदर्शनाचं पुस्तक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे दिवस लहान-मोठा होतो, हे आपण शिकवतोच. पण हा अक्ष भोवऱ्यासारखा अगदी सावकाश घुमतोही. एक फेरी पूर्ण व्हायला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे ज्या दिवशी दिवस-रात्र समान होतात, त्या दिवशीची सूर्याची ताऱ्यांमधली जागा दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकते. सूर्याची जागा ताऱ्यांच्या ठरावीक बिंदूपासून मोजली तर ती निरयन पद्धत. या सरकत्या संपातबिंदूपासून मोजली तर सायन. संक्रांत आपण निरयन पद्धतीने धरतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आणि सगळ्यात लहान दिवस हे एकत्र येत होते. आता त्यांत तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे आणि ते वाढतच जाणार.

गंमत बघा, जुन्या पंचांगकर्त्यांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. पंचांगात दिनमान, म्हणजे दिवसाची लांबी घटी-पळांत देतात. ते काढताना निरयन सूर्यात अयनांश मिळवून आधी तो सायन करून घ्यावाच लागतो, नाहीतर गणित चुकतं. म्हणजे एकाच पंचांगात दिनमान सायन सूर्यावरून आणि संक्रांत मात्र निरयन सूर्यावरून!

दीक्षितांचं म्हणणं असं होतं की आपले महिने आणि सण ऋतूंशी बांधलेले आहेत, तेव्हा पंचांग सायन हवं. हे नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत १८८४ च्या सुमारास त्यांनी सायन पंचांग छापायला सुरुवात केली. विचार करा, त्या काळी लोकांना हे कसं वाटलं असेल! संक्रांत तीन आठवडे अलीकडे आणायची म्हणजे घरोघरचे उपास, सण, मुहूर्त सगळंच हलवायचं. ते पंचांग समाजात रुजलं नाही. माझ्या मते लोकांचंही सगळंच चुकलं नाही. शेजारच्या घरी ज्या दिवशी सण, त्याच दिवशी आपल्या घरी हवा, हे वाटणं साहजिक आहे. पण आकाशात काय घडतंय याबाबत दीक्षित बरोबर होते.

त्यांचं एक संशोधन तर आपल्याला वर्गात सहज वापरता येईल. सूर्य रोज पूर्वेला उगवतो असं आपण सांगतो, पण बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून, हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकून. तारे मात्र वर्षभर आपापल्या ठरलेल्या जागीच उगवतात. शतपथ ब्राह्मणात उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज महाराष्ट्रातून पाहिलं तर कृत्तिका पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. मग त्या बरोबर पूर्वेला कधी उगवत असतील? दीक्षितांनी अक्षाच्या त्या सावकाश घुमण्यावरून उलटं गणित केलं आणि तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं येतो असं दाखवलं. हा लेख १८९५ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या इंग्रजी नियतकालिकात आला. त्या ग्रंथाचा काळ यावरूनच ठरतो का, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण एका वाक्यातून उगवतीची दिशा पकडायची आणि तिच्यावरून काळ काढायचा, ही दृष्टी केवढी मोठी!

प्राचीन शिलालेखांतल्या तिथी तपासण्यासाठी फ्लीट या इंग्रज विद्वानाने दीक्षितांची मदत घेतली. रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत त्यांनी 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १८९६ मध्ये लंडनला निघाला. त्याच वर्षी पुण्यात मराठी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा सगळा इतिहास त्यात आहे. बदल्या, शाळेचं काम, प्रवासाची तेव्हाची साधनं हे सगळं सांभाळून हस्तलिखितं मिळवायची, वाचायची, गणितं ताडून पाहायची! पुढे या ग्रंथाची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं झाली. दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित वारले. वय होतं अवघं ४४.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या अहवालात दीक्षितांच्या ग्रंथाचे आधार जागोजागी सापडतात. २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली, तिचे महिने सायन आहेत. धार्मिक सणांच्या तारखा मात्र समितीने प्रचलित रूढीला धरूनच ठेवल्या. म्हणून संक्रांत जानेवारीतच राहिली.

कॅलेंडरमध्ये बारीक अक्षरात 'भारतीय सौर' अशी तारीख असते, तिच्याकडे आपण सहसा बघत नाही. ती एकदा मुलांना दाखवा. १ चैत्र म्हणजे २२ मार्च (लीप वर्षात २१), दिवस-रात्र जवळजवळ समान. १ आषाढ म्हणजे २२ जून, पुण्याला सुमारे सव्वातेरा तासांचा दिवस. १ आश्विन म्हणजे २३ सप्टेंबर, पुन्हा समान. आणि १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, सगळ्यात लहान दिवस.

मुलं एक शंका हमखास काढतील. दिवस डिसेंबरपासून वाढतो, तर जानेवारीत सकाळी शाळेला निघताना अंधार जास्त का वाटतो? त्यांचं निरीक्षण खरं आहे. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याच्या आसपास होतो. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्याची माध्यान्ह घड्याळाच्या हिशेबाने त्या दिवसांत रोज थोडी पुढे ढकलली जाते. तिच्यासोबत सूर्योदयही पुढे जातो आणि सूर्यास्तही. त्यामुळे तेव्हा दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी रोजच्या सूर्यास्ताची वेळ मुलांना वहीत लिहायला सांगा, सुमारे १३ मिनिटांचा फरक त्यांचा त्यांनाच सापडेल.