मॅक्झिमचा खांदा आणि मॅक्झिमचे कान

शस्त्राचे नाव सर्वतोमुखी व्हावे आणि ते ज्याच्यावरून पडले तो माणूस मात्र विस्मरणात जावा, असे इतिहासात अनेकदा घडते. हायरम मॅक्झिम हे त्याचे ठळक उदाहरण होय. मॅक्झिम गनचा उल्लेख वसाहतवादाच्या इतिहासात हटकून येतो. परंतु तिच्या जनकाचे चरित्र त्या गनइतकेच बोधप्रद आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मॅक्झिमचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, सँगरव्हिल या खेड्यात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. चौदाव्या वर्षी तो गाड्या बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागला, पुढे यंत्रशाळांत रमला आणि विजेच्या दिव्यांच्या धंद्यात एका मोठ्या कंपनीचा मुख्य अभियंता झाला. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनासाठी तो युरोपात आला आणि त्यानंतर लंडनमध्येच स्थिरावला. तरुणपणी लष्करी बंदूक झाडताना तिच्या धक्क्याने त्याचा खांदा काळानिळा पडला होता. असा अनुभव लाखो सैनिकांनी घेतला असेल. परंतु तो धक्का म्हणजे वाया जाणारी शक्ती आहे, हा विचार मॅक्झिमलाच सुचला.

लंडनच्या हॅटन गार्डन भागातील छोट्या कार्यशाळेत १८८४ च्या सुमारास त्याने हा विचार प्रत्यक्षात आणला. तोपर्यंतच्या गॅटलिंगसारख्या गन हाताने दांडा फिरवून चालवाव्या लागत. मॅक्झिमच्या गनमध्ये गोळी सुटताच धक्क्याने नळी मागे सरके, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई, पट्ट्यातील नवे काडतूस पुढे येई आणि स्प्रिंग सारे पूर्ववत करी. चाप दाबलेला असेपर्यंत हे चक्र आपोआप चाले. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या सुटत. तापणारी नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती पाण्याचे वेष्टण होते.

या शोधातील खरी मेख येथेच आहे. बंदुकीचा खांद्यावर बसणारा धक्का ही झाडणाऱ्याच्या वाट्याला येणारी त्या प्रहाराची एकमेव खूण होती. आपण काय करीत आहोत, याची ती प्रत्येक गोळीगणिक आठवण देई. मॅक्झिमने तीच आठवण कामाला जुंपली. मारणाऱ्याचे अंग दुखणे थांबले आणि मारणे सोपे झाले. १८९३ मध्ये आफ्रिकेत मॅटाबेले योद्ध्यांवर, १८९८ मध्ये सुदानातील ओमडुर्मन येथे आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानातून निघालेल्या यंगहजबंडच्या मोहिमेत तिबेटातील गुरू येथे ही गन चालली. ओमडुर्मनला तोफा व बंदुकाही होत्या; तरी एका बाजूला सुमारे दहा हजार मृत आणि दुसऱ्या बाजूला पन्नासही नाहीत, हा हिशेब पुरेसा बोलका आहे.

जी आठवण खांद्याने द्यायची, ती आता नियमांनी द्यावी लागली. प्रारंभी ही गन तोफेसारखी उंच चाकांच्या गाड्यावर बसवीत. त्यामुळे चालविणारे शत्रूच्या नजरेत येत. पुढे ठेंगणी तिपाई आली आणि गनर गनच्या मागे जमिनीलगत बसू अथवा पडू लागला. बाजूचा सैनिक पट्टा सरळ जाईल हे पाही. नळीच्या रेषेपुढे कोणी यायचे नाही, नळी ठरलेल्या टापूबाहेर फिरवायची नाही, पट्टा काढला तरी कोठीत काडतूस उरलेले असू शकते म्हणून ती रिकामी पाहिल्यावाचून गन निर्धोक मानायची नाही, हे नियम कवायतीत पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागतात. वरवर पाहता ही रूक्ष शिस्त वाटेल. पण यंत्राने काढून घेतलेली जबाबदारीची जाणीव माणसाच्या हाती परत देण्याचा तो प्रयत्न आहे.

कानांच्या रक्षणाचा विचार मात्र त्या काळी कोणी फारसा केला नाही. वर्षानुवर्षे आपल्याच गनचा आवाज ऐकून मॅक्झिम उतारवयात ठार बहिरा झाला. खांदा वाचविणाऱ्याचे कान गेले. त्याचाच मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घ्यावे, हा योगायोगही विलक्षण म्हणावा लागेल.

मॅक्झिमची बुद्धी केवळ संहारात गुंतली होती असे नव्हे. १८९४ मध्ये त्याने वाफेवर चालणारे साडेतीन टनांचे विमान रुळांवरून क्षणभर उचलून दाखविले. श्वासनलिकेच्या विकाराने तो स्वतः त्रस्त होता, म्हणून औषधी वाफ हुंगण्याचे साधनही त्याने बनविले. त्यावर मात्र वैदूगिरीत उतरून त्याने आपली कीर्ती डागाळली, अशी टीका झाली. संहारक यंत्र करणे प्रतिष्ठेचे आणि रोग्याला आराम देणे कमीपणाचे, या न्यायाचे त्याला स्वतःलाच नवल वाटले होते. गनमुळे कीर्ती पावलेल्या या अभियंत्याला इंग्लंडने १९०१ मध्ये सर हा किताब दिला होता.

२४ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. सोमची लढाई संपून जेमतेम आठवडा झाला होता. १ जुलै रोजी, त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १९,२४० ब्रिटिश सैनिक मारले गेले होते. जर्मनांची मशीनगन मॅक्झिमच्याच रचनेची होती आणि ब्रिटिशांची व्हिकर्सही तिचीच वंशज. वसाहतींत एकाच बाजूने चाललेले यंत्र युरोपात दोन्ही बाजूंनी चालले.

शस्त्र हाताळण्याचे नियम शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि ते शिकणाऱ्या प्रत्येक छात्राने हे चरित्र ध्यानी ठेवावे. नळीची दिशा, कोठीची तपासणी, कानांचे रक्षण ही केवळ अपघात टाळण्याची कलमे नव्हेत. यंत्र जितके सुखकर होत जाते, तितके ते चालविणाऱ्याने अधिक सावध राहिले पाहिजे. कारण चूक झाली तर ती सांगायला आता खांदाही दुखत नाही.